डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर घर, ऑफिस, गाडी, स्वयंपाक: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटला आणि घरच्यांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर समजावून सांगायचं काम करते. काउंटरवर, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, आणि बरेचदा रात्री येतात जेव्हा विचारायला कोणी नसतं, म्हणून सगळे इथे एकत्र लिहून ठेवले. मी डॉक्टर नाही. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर इथल्यापेक्षा वेगळं लिहिलं असेल तर कार्डावरचंच पाळायचं.

१. डोळ्याचं ऑपरेशन झालं, किती दिवस घरी बसावं लागते?

कोणतं ऑपरेशन झालं ते कळल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मोतीबिंदूचं फेको असेल तर छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, बहुतेक वेळा टाकाही नसतो, बसून करायचं काम असेल तर तीन-चार दिवसांत ते आठवड्याभरात माणूस कामाला लागतो. शिबिरात किंवा सरकारी दवाखान्यात बरेचदा मोठ्या छेदाचं ऑपरेशन होतं, साधारण सहा मिलिमीटरचा छेद, ते पण चांगलंच ऑपरेशन आहे पण जखम भरायला थोडा जास्त वेळ द्यायचा. चष्मा काढायचं लेसिक असेल तर दोन-तीन दिवस. पीआरके (चष्मा काढायचंच दुसऱ्या पद्धतीचं लेसर ऑपरेशन) असेल तर बुबुळावरची नाजूक कातडी परत यायला चार-पाच दिवस लागतात, तेवढे दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्थिर व्हायला आणखी काही आठवडे जातात. काचबिंदू आणि पडद्याच्या (डोळ्याच्या आत मागे असतो तो, रेटिना) ऑपरेशनला दोन ते चार आठवडे धरून चाला, कधी जास्तही. बुबुळ बदललं असेल तर हिशोब महिन्यांचा असतो.

म्हणून शेजारच्या काकू चौथ्या दिवशी बर्डीवर खरेदीला गेल्या म्हणजे तुम्हीही जायचं असं नाही, आणि कोणाच्या आजेसासूंना चाळीस दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं म्हणून तुम्हालाही बसायची गरज नाही. घरी जायच्या आधी ऑपरेशनचं नाव, कोणता डोळा आणि काय काय मनाई आहे हे कार्डावर लिहून घ्या, तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायला होतं.

२. मले तर दुसऱ्याच दिवशी मस्त दिसून राहिलं, मग ड्रॉप्स कायले टाकायचे?

दिसणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. लेन्स बसली की उजेड आत जातो, दिसतं, पण आतली सूज पूर्ण उतरायला मोतीबिंदूनंतरही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अँटिबायोटिकचा ड्रॉप जंतू होऊ नयेत म्हणून असतो आणि स्टिरॉइडचा ड्रॉप सूज उतरावी म्हणून. स्टिरॉइड हळूहळू कमी करत आणायचा असतो, दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन असा, एकदम बंद केला तर सूज उलटून येऊ शकते. आणि याच्या उलटही तितकंच महत्त्वाचं आहे, की बरं वाटतं म्हणून तोच ड्रॉप मेडिकलमधून आणून महिनोन्महिने टाकत राहायचं नाही, काही लोकांच्या डोळ्याचं प्रेशर त्याने वाढतं आणि वाढलेलं कळतही नाही.

३. तीन-तीन बाटल्या दिल्या आहेत, गोंधळ होतो. टाकायच्या कशा?

हात साबणाने धुवा. बाटली हलवायची आहे का ते लेबलवर बघा, काही स्टिरॉइड ड्रॉप्स दुधासारखे पांढरे असतात, ते न हलवता टाकले तर औषध खाली बसलेलं राहतं आणि वरचं नुसतं पाणी जातं. मान मागे, खालची पापणी बोटाने खाली ओढा, एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबाएवढीही पूर्ण जागा नसते, दोन-तीन टाकले तर गालावर वाहून जातात आणि बाटली लवकर संपते. मग डोळा हलका मिटून एक-दोन मिनिटं नाकाजवळचा कोपरा बोटाने अलगद दाबून धरा. पुढची बाटली पाच मिनिटांनी, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला कशालाच लागू द्यायचं नाही.

ओळखायला बाटल्यांना रबर बँड लावा, एकीला एक, दुसरीला दोन, तिसरी रिकामी. म्हाताऱ्या माणसांना, कमी दिसणाऱ्यांना याचा खूप उपयोग होतो, हाताने चाचपडूनच कळतं. मोबाईलमध्ये अलार्म लावून द्या, आणि ऑपरेशनच्या आधीच दोन दिवस साध्या लुब्रिकंट ड्रॉपने प्रॅक्टिस करता आली तर फारच चांगलं, डॉक्टरांना विचारून.

थेंब टाकल्यावर गळ्यात कडू लागतं त्याला घाबरू नका, डोळ्यातून नाकात जाणारी एक बारीक नळी असते, त्यातून औषध उतरतं. कोपरा दाबून धरला की कमी लागतं.

४. कोणतं लक्षण दिसलं की थांबायचं नाही, लगेच जायचं?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, लाली वाढली, आणि दिसणं कालच्यापेक्षा आज कमी झालं, तर डोळ्याच्या आत इन्फेक्शन झालेलं असू शकतं. मोतीबिंदूनंतर हे क्वचित होतं, झालं तर बहुतेक पहिल्या आठवड्यात होतं, आणि तासातासाने नुकसान होतं. रविवार आहे, रात्र आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही. डिस्चार्ज कार्डावरचा इमर्जन्सी नंबर लावा, नाही लागला तर सरळ अपघात विभागात जा. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांचा अपघात विभाग रात्रीही चालू असतो.

दुसरं म्हणजे अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखा लखलखाट, किंवा बाजूने काळा पडदा सरकत येतो आहे असं वाटणं, हे पडद्याचं लक्षण आहे, तेव्हाही त्याच दिवशी दाखवायचं. तिसरं, डोळ्याला मार लागणं. चौथं, डोळा आणि डोकं खूप दुखून उलट्या होणं, प्रेशर वाढलेलं असू शकतं, आणि याला लोक पित्त समजून लिंबू-सोडा घेऊन झोपतात.

बुबुळ बदललेल्यांना हे आयुष्यभर लक्षात ठेवावं लागतं: लाली, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं, दुखणं, यातलं एक जरी आलं तरी त्याच दिवशी जायचं, ऑपरेशनला पाच वर्षं झालेली असली तरी.

थोडं टोचणं, कचरा गेल्यासारखं वाटणं, पाणी येणं, सकाळी थोडी चिपडं येणं हे पहिल्या दिवसांत चालतं. यातला फरक ओळखता येत नसेल तर फोन करा. उगाच फोन केला असं कोणी म्हणणार नाही.

५. उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये म्हणतात, आम्ही हिवाळ्यापर्यंत थांबू का?

थांबायची गरज नाही. ऑपरेशन थिएटर एसी असतं, जखम ऋतू बघून भरत नाही. ही समजूत जुन्या काळची आहे, तेव्हा छेद मोठा असायचा, टाके असायचे, पेशंट कित्येक दिवस पडून असायचा. मोतीबिंदू पिकत ठेवून चार-सहा महिने थांबलं तर तो कडक होतो आणि ऑपरेशन उलट अवघड होतं, शिवाय तेवढे महिने माणूस पायऱ्या चुकून पडायची भीती असते ती वेगळीच.

नागपूरच्या उन्हाळ्यात सांभाळायचं ते ड्रॉप्स. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, नवतपात घरातला कोपराही तापतो, आणि बाटलीवर लिहिलेलं असतं की २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा. गाडीच्या डिक्कीत, खिडकीत, टीव्हीच्या वर ठेवू नका. फ्रिजच्या दारात डबीत घालून ठेवलं तर बहुतेक ड्रॉप्सना चालतं, फ्रीजरमध्ये नाही. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरानंतर फेकायची, औषध उरलेलं असलं तरी.

आणि कूलर. कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊन झोपू नका, डोळा कोरडा पडतो, आणि ताटी-टाकी साफ नसेल तर त्या पाण्याचे तुषार डोळ्यात जायला नकोत. पलंग बाजूला सरकवा, हवा पायाकडून येऊ द्या.

६. डोक्यावरून आंघोळ, केस धुणं, दाढी, काजळ, कधीपासून?

गळ्याखालून आंघोळ दुसऱ्या दिवसापासून. तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसायचं. केस धुवायचे असतील तर दहा-बारा दिवस तरी दुसऱ्या कोणाकडून, मान मागे टाकून, पार्लरमध्ये धुतात तसे, म्हणजे पाणी पुढे येत नाही. दाढी चालते, साबणाचा फेस वर जाऊ देऊ नका. काजळ, सुरमा, आयलायनर महिनाभर नाही, आणि नंतरही जुनी डबी फेकून नवीन घ्या. पोहणं, तलाव, नदीचं स्नान महिनाभर बंद. होळी आणि गुलालाची मिरवणूक असेल तर घरात थांबा. गुलाबजल, मध, कोमट तूप, बाळाच्या आईचं दूध, यातलं काहीही डोळ्यात टाकू नका, कितीही जवळच्या माणसाने सांगितलं तरी.

७. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणजे नेमकं काय? बाबा रोज पूजेला वाकतात, नमस्कार करतात.

चप्पल घालायला एक क्षण वाकलं म्हणून काही होत नाही, लोक इतके घाबरतात की मान आखडून घेतात. टाळायचं ते म्हणजे डोकं कमरेच्या खाली नेऊन तसंच राहणं आणि जोर लावणं. साष्टांग नमस्कार, नमाजातला सजदा, शीर्षासन, सूर्यनमस्कार पहिले दोन आठवडे नको, पूजा खुर्चीवर बसून करा, नमाज बसून इशाऱ्याने पढता येते. वजनाचं म्हणाल तर पाच किलोच्या वर नको. भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते हे लोकांच्या लक्षातच येत नाही, पाणी मगाने छोट्या गंजात काढून घ्या. सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, वरून टाकीचं वजन वेगळं, त्याला हातच लावू नका. नातवंडांना उचलून घेऊ नका, मांडीवर बसवा, पण त्यांची बोटं डोळ्याकडे येतात तिकडे लक्ष ठेवा.

खोकला आणि बद्धकोष्ठता पण जोरातच मोडतात. खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधीच सांगायचं. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी यातलं सगळं जास्त दिवस आणि जास्त काटेकोर पाळायचं, डोळा दाबायचा-चोळायचा तर कधीच नाही.

८. भात, तुरीची डाळ, आंबट बंद करायचं का? पू होतो म्हणतात.

नाही होत. भाताचा आणि डोळ्यातल्या पुवाचा काही संबंध नाही, पू जंतूंमुळे होतो. रोजचं घरचं जेवण घ्या, भाज्या, फळं, डाळ, अंडी खात असाल तर अंडी, पाणी भरपूर. पथ्याच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना नुसत्या पेजेवर ठेवतात आणि अशक्तपणा येतो, याचं मला फार वाईट वाटतं. शुगर असेल तर मात्र ती सांभाळा, वाढलेल्या शुगरमध्ये जखम उशिरा भरते आणि नजरही वरखाली होते. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. तंबाखू, खर्रा, बिडी-सिगरेट बंद ठेवता आलं तर जखमेसाठी चांगलंच. खर्रा घोटलेलं बोट डोळ्याला लागलं तर काय होईल ते सांगायला नको.

९. स्वयंपाक कधीपासून करू? घरात दुसरं कोणी नाही.

साधा वरण-भात-पोळी चार-पाच दिवसांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर, आणि गॉगल किंवा झिरो नंबरचा चष्मा घालून. खरी अडचण मिरचीची. सावजी रस्सा करायचा, मसाला भाजायचा, मिरच्या कुटायच्या, ठेचा करायचा हे महिनाभर दुसऱ्याला द्या, कारण खकाणा डोळ्यात गेला की हात आपोआप चोळायला जातो, आणि खरं नुकसान चोळण्याने होतं. मिरची चिरली तर हात धुतल्यावरही तिखट बोटांना राहतं, त्यानंतर ड्रॉप टाकू नका, आधी तेल लावून मग साबणाने धुवा. फोडणीच्या वेळी झाकण हातात ठेवा, कांदा पाण्यात भिजवून चिरा. संत्रं सोलताना सालीतून जी बारीक चिळकांडी उडते ती डोळ्यात गेली तर फार झोंबते, सीझनमध्ये हे होतंच, सोललेलंच मागा.

१०. कंप्युटरचं काम आहे, स्क्रीन पाहिल्याने डोळा खराब होईल का?

स्क्रीनमुळे लेन्स सरकत नाही, टाका तुटत नाही. पण स्क्रीन पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळा कोरडा पडतो, आणि ऑपरेशननंतर तो आधीच कोरडा असतो, लेसिकमध्ये तर जास्तच. म्हणून जळजळतं, थकवा येतो, दुपारनंतर अंधुक होतं. पहिले दोन-तीन दिवस तासन्‌तास नको, मग दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं, खिडकीबाहेरचं झाड बघा. फॉन्ट मोठा करा, ब्राइटनेस खोलीच्या उजेडाइतका ठेवा, स्क्रीन डोळ्यांच्या थोडी खाली. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. लुब्रिकंट ड्रॉप टेबलावर ठेवा.

वाचणं फारच जड जात असेल तर मोबाईलला वाचायला लावा, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि सिलेक्ट टू स्पीक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, मराठीतही बोलून टाइप करता येतं. ऑपरेशनच्या आधीच सेट करून ठेवा, नंतर अंधुक डोळ्याने सेटिंग शोधणं त्रासाचं होतं.

११. साहेबांना काय सांगू? ते म्हणतात मोतीबिंदू तर अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, हे खरं आहे. बरं व्हायला लागणारा वेळ वेगळा, तो कागदावर मागा. डॉक्टरांकडून दोन कागद घ्या, एक सुट्टीचा, किती दिवस ते लिहिलेला, आणि दुसरा परत रुजू होतानाचा फिटनेसचा, त्यात मनाई स्पष्ट असू द्या: वजन नाही, धूळ नाही, नाइट शिफ्ट नाही, ड्रायव्हिंग नाही. "हलकं काम द्यावं" एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. ईएसआयसीत (कामगारांचा सरकारी विमा) असाल तर तिथल्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, हजेरीची अट पूर्ण असेल तर. पुष्कळ कामगारांना हे माहीतच नसतं आणि ते बिनपगारी बसतात किंवा तिसऱ्या दिवशी मशीनवर जातात.

रोजंदारीवाल्यांना हे सगळं लागू होत नाही, ते मला माहीत आहे. त्यांनी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काम काय आहे ते सांगा, म्हणजे तारीख कामाच्या मंदीत घेता येते आणि कमीत कमी किती दिवस थांबायलाच हवं ते ठरवता येतं.

१२. गाडी कधी चालवू? घर मानेवाड्याला, ऑफिस मिहानला.

टू-व्हीलर निदान आठवडा-दोन आठवडे नाही, आणि डॉक्टरांनी नजर तपासून हो म्हटल्याशिवाय तर अजिबात नाही. वारा, धूळ, किडे हे एक, आणि दुसरं म्हणजे एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, समोरची गाडी किती लांब आहे ते कळत नाही, विशेषतः रात्री समोरच्या हेडलाइटभोवती गोल वलय दिसतं तेव्हा. मागे बसून जाणं पण पहिल्या आठवड्यात टाळा, जावंच लागलं तर गॉगल आणि दुपट्टा बांधून, दुपट्टा डोळ्यावर घासणार नाही असा. संक्रांतीच्या दिवसांत मांजाची भीती वेगळी असते, तेव्हा तर नकोच.

मेट्रोने जा. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर या दोन लाइन आहेत, सीताबर्डीला बदलता येतं, आत एसी आहे, धूळ नाही. स्टेशनपर्यंत ऑटो किंवा ई-रिक्षा, बाजूने हवा येते म्हणून गॉगल ठेवा.

१३. एकाच डोळ्याचं झालं, आता जुना चष्मा लावला तर चक्कर येते.

येणारच, कारण ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा नंबर बदलला आणि चष्मा जुन्याच नंबरचा. नंबर जास्त होता अशांना हा त्रास जास्त होतो, दोन डोळ्यांतली चित्रं जुळत नाहीत. त्या बाजूची काच काढून किंवा झिरोची बसवून घेता येते का ते विचारा. नवा चष्मा साधारण चार ते सहा आठवड्यांनी, नंबर स्थिर झाल्यावर, आधी केला तर पैसे वाया. मधल्या काळात जवळचं वाचायला तयार चष्मा मिळतो, तोही विचारून. पायऱ्या उतरताना कठडा धरा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीला रंगीत टेप लावा, चहा ओतताना कप हातात न धरता ओट्यावर ठेवा.

रंग वेगळे दिसतात म्हणूनही फोन येतात, निळा जास्त निळा, भिंत जास्त पांढरी. ते बरोबर आहे. मोतीबिंदूच्या पिवळटपणातून बघायची सवय झालेली असते.

१४. शेतकरी आहे, धान आणि कापूस. शेतात कधी जाऊ?

फेरफटका मारायला, गॉगल लावून, आठवड्याभराने. प्रत्यक्ष कामाला तीन-चार आठवडे थांबा. धानाचं पातं, कडबा, काटा डोळ्याला लागला तर बुबुळावर बुरशीची जखम होते, ती बरी व्हायला फार त्रास देते आणि नजर जाऊ शकते, ऑपरेशन झालेला डोळा तर अजूनच नाजूक. फवारणी महिनाभर तरी दुसऱ्याकडून करून घ्या. जिनिंगमधली रुई, कळमन्यातल्या मिरचीच्या ढिगांजवळचं काम, सिमेंट, वेल्डिंग यांनाही हेच लागू. लागलंच काही, तर गावातल्या माणसाकडून जिभेने किंवा पदराने काढून घेऊ नका, प्रश्न ४ बघा.

१५. आई गेली, त्या दिवसांतच ऑपरेशन झालं होतं. मी रडले, टाके सुटले असतील का?

नाही. अश्रूंनी काही होत नाही. रडा, फक्त डोळा चोळू नका, पाणी गालावर आलं की स्वच्छ टिश्यूने गालावरच पुसा. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची ढाल लावून झोपा, झोपेत हात जातो. दुसऱ्या दिवशी दुखत असेल किंवा लाली वाढली असेल तर दाखवून घ्या.

१६. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये गॅस भरला आहे, पालथं झोपायला सांगितलं. बाहेरगावी लग्न आहे, जाऊ का?

डोळ्यातला गॅसचा फुगा पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून ती मान-खालीची स्थिती हाच अर्धा इलाज आहे. किती दिवस, किती तास, कोणत्या कुशीवर, हे पडद्याला पडलेलं छिद्र कुठे आहे त्यावर ठरतं. मान-पाठ मोडून येते, खरंच फार कठीण असतं ते, घरच्यांनी साथ द्या. टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवा, मोबाईल खाली जमिनीवर ठेवून व्हिडिओ बघता येतो, जेवायला आणि बाथरूमला उठायची सुट्टी किती ते विचारून घ्या.

गॅसचा एक प्रकार साधारण दोन-तीन आठवडे राहतो, दुसरा सहा ते आठ आठवडे. तोपर्यंत विमान पूर्ण बंद, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो, प्रेशर वाढतं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि हे नागपूरकरांना खास सांगायचं, नुसतं विमानच नाही, चिखलदरा आणि पचमढीसुद्धा. नागपूर साधारण तीनशे मीटरवर आहे, ही दोन्ही ठिकाणं हजार मीटरच्या वर, कारने घाट चढला तरी तोच धोका. सपाटीवर वर्धा, अमरावतीला जायचं तर डॉक्टरांना विचारून. दुसरं कुठलं ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं तर भूल देणाऱ्यांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, नायट्रस ऑक्साइड (भुलीचा एक गॅस) चालत नाही. मनगटावर पट्टी दिली असेल तर ती काढू नका.

फुगा कमी होताना पाण्याच्या पातळीसारखी एक हलती रेघ दिसते, वरचं आधी साफ होतं आणि रेघ खाली खाली जाते, ते चांगलं लक्षण आहे. गॅसऐवजी सिलिकॉन तेल असेल तर ते फुगत नाही, प्रवासाचा हा नियम त्याला नाही, पण तेल आपोआप जात नाही, काही महिन्यांनी ते काढायला दुसरं छोटं ऑपरेशन लागतं, ती तारीख चुकवू नका.

१७. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, परत धूसर दिसून राहिलं. मोतीबिंदू परत आला का?

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. लेन्सच्या मागे जी नैसर्गिक पिशवी ठेवलेली असते तिच्यावर काही लोकांना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जाळी धरते. बसल्या बसल्या याग लेसरने ती उघडतात, काही मिनिटांचं काम, चिरफाड नाही, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकतात म्हणून काही तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे स्वतः गाडी चालवत येऊ नका, कोणाला तरी सोबत आणा आणि गॉगल ठेवा. धूसरपणाची कारणं दुसरीही असतात, शुगरमुळे पडद्यावर सूज, काचबिंदू, म्हणून जाळीच असेल असं धरून बसू नका, पडदा आणि प्रेशर दोन्ही तपासून घ्या.